आठ दिशा, आठ आसने

आचोळ्याहून पश्चिमेला निघून रेल्वेचे रूळ ओलांडले आणि नालासोपाऱ्याच्या दाट वस्तीतून पुढे जात राहिले, की जुन्या सोपाऱ्याच्या कडेला विटांचा एक ढासळलेला उंचवटा लागतो. ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने लोक तो ओळखत आले. इसवी सन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा कोट खणविला, तेव्हा त्याच्या पोटी राजाचा खजिना नव्हे, तर एक दगडी पेटी सापडली. तीत एकात एक बसविलेले करंडक होते. सर्वांत आतल्या सुवर्णकरंडकात भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून जतन केलेले मातीचे तुकडे होते. आणि या साऱ्यांभोवती होत्या आठ बैठ्या धातुमूर्ती. विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनी, काश्यप आणि शाक्यमुनी हे सात होऊन गेलेले बुद्ध, आणि आठवा, अद्याप यावयाचा, मैत्रेय.

सोपारे हे त्या काळी केवळ कोकणातील एक गाव नव्हते. येथे मिळालेल्या अशोकाच्या आठव्या शिलालेखाच्या तुकड्याचा विषयच मुळी प्रवास हा आहे. राजाने मृगयेच्या सफरी सोडून धर्मयात्रा आरंभिल्या, हे त्यात नोंदले आहे. पहिल्या शतकातील ज्या ग्रीक नौकावृत्तांतात सोपाऱ्याचा उल्लेख येतो, त्याच वृत्तांतात बाल्हीक देशातून खुष्कीच्या मार्गाने भडोचला उतरणाऱ्या चिनी रेशमाचाही उल्लेख येतो. म्हणून या आठ मूर्तींचे भाईबंद शोधीत आपण चीनच्या मुलखात गेलो, तर ते वाट चुकणे नव्हे.

चिनी संस्कृतीचा पाळणा पीत नदीच्या काठी हलला. वाऱ्याने वाळवंटाकडून वाहून आणलेल्या पिवळ्या मातीचे थर तेथे साचले होते. ती माती भुसभुशीत आणि सुपीक, तिच्यात राळा सहज पिके. पण तीच माती वाहून येऊन नदीचे पात्र उथळ होई आणि पूर गावेच्या गावे गिळी. दक्षिणेस छिनलिंग पर्वताची रांग आडवी पडली आहे. तिच्या उत्तरेस राळा आणि गहू, दक्षिणेस भात. अशा भूमीत राहणाऱ्या माणसाला दिशा, ऋतू आणि पाणी यांचा हिशेब ठेवणे हेच पहिले धर्मकृत्य वाटले, यात नवल नाही. आन्‌यांग येथे मिळालेल्या, इसवी सनापूर्वी सुमारे १२०० पासूनच्या शांग राजांच्या प्रश्नास्थींवर, म्हणजे कासवांच्या कवचांवर आणि बैलांच्या खांद्याच्या हाडांवर, पाऊस, पीक आणि लढाई यांविषयी पितरांना विचारलेले प्रश्न कोरले आहेत. चार दिशांची आणि त्यांच्या चार वाऱ्यांची नावेही त्यांत आहेत. पुढे याच वृत्तीतून अखंड आणि खंडित रेषांच्या आठ आकृती रूढ झाल्या: आकाश, पृथ्वी, मेघगर्जना, वारा, जल, अग्नी, पर्वत आणि सरोवर. प्रत्येक आकृतीला एक दिशा नेमून दिलेली. जणू विश्वाच्या कारभाराची आठ महालांत केलेली वाटणी.

या बंदिस्त व्यवस्थेत परका बौद्ध धर्म शिरला तो मुख्यतः कान्सू प्रांताच्या चिंचोळ्या पट्ट्यातून. एका बाजूस छीलियान पर्वताची हिमशिखरे, दुसऱ्या बाजूस गोबीचे वाळवंट, आणि मधून जाणारी हजार किलोमीटरांची वाट. हान सम्राट वू याच्या अमलात तिच्यावर ठाणी बसली, आणि त्यांच्या आश्रयाने पुढे व्यापारी व भिक्षू चालत राहिले. पाचव्या शतकात या वाटेवर उत्तर ल्यांग घराण्याची सत्ता होती, आणि तिच्याच आश्रयाने भारतातून गेलेला धर्मक्षेम संस्कृत ग्रंथांची चिनी भाषांतरे करीत होता.

याच सत्तेच्या काळात, इसवी सन ४२८ मध्ये, काओ शानमू नावाच्या भक्ताने करविलेला, जेमतेम हातभर उंचीचा एक दगडी स्तूप आज कान्सूच्या संग्रहालयात आहे. त्याच्यावर प्रतीत्यसमुत्पादाचे, म्हणजे कार्यकारणाच्या साखळीचे, सूत्र चिनी लिपीत कोरले आहे; वर आठ कोनाड्यांत सात बुद्ध आणि मैत्रेय विराजमान आहेत; आणि खाली अष्टकोनी पायथ्यावर त्या आठ रेषाकृती आहेत.

सोपाऱ्याच्या मूर्तींची घडण याहून उत्तरकालीन, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराची मानली जाते. तेव्हा एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे म्हणण्याचा माझा आग्रह नाही. दोन्ही एकाच श्रद्धेच्या शाखा. पण मला त्या पायथ्याचे मोल फार वाटते. ज्या शिल्पकाराने ते काम केले त्याने आपल्या पूर्वजांच्या दिशा पुसल्या नाहीत, किंवा आलेल्या पाहुण्यांना दाराशी तिष्ठत ठेवले नाही. आपल्याच घरातील आठ आसने त्याने त्यांना दिली. परक्याला सामावून घेण्यासाठी आपले घर मोडावे लागत नाही, उलट त्या घराला भक्कम पायथा असावा लागतो, हे त्या हातभर दगडाने मला शिकविले.

त्याच चीनमधून इसवी सन ६४१ च्या सुमारास बौद्ध भिक्षू ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला, चालुक्य राजा पुलकेशीची प्रजा त्याने पाहिली, आणि येथील माणूस उपकार विसरत नाही अशी नोंद केली. मायदेशी परतल्यावर उरलेली वर्षे त्याने भाषांतरात घालविली, आणि ६६४ मध्ये मैत्रेयाच्या तुषित लोकात जन्म मिळावा ही आस धरून देह ठेवला. तोच मैत्रेय पुढे सोपाऱ्याच्या दगडी पेटीत, सात वडिलांच्या पंक्तीला, आठव्या आसनावर बसला.