छिद्रांचें स्थापत्य

लोणारी कोळशाच्या अंगीं असंख्य छिद्रें असतात, आणि त्यांच्याच योगें तो हवेंतील दुर्गंध शोषून घेतो. परंतु हीं छिद्रें लहानमोठीं व वेडींवांकडीं. सर्व छिद्रें एकाच मापाचीं आणि तें मापही आधींच ठरविलेलें, असा पदार्थ सेंद्रिय रेणूंपासून बनवितां येईल काय? २००५ सालीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत ओमर याघी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो बनवून दाखविला.

त्रिकोणी रेणू व सरळ रेणू टोंकाला टोंक जोडले, कीं मधाच्या पोळ्यासारखें षट्कोनी जाळें तयार होतें. अशीं जाळीं एकावर एक रचलीं जाऊन आंत सरळ नळ्या निर्माण होतात. ‘सीओएफ-५’ या पदार्थांत त्यांची रुंदी सुमारें २.७ नॅनोमीटर आहे. आणि त्याच्या अवघ्या एका ग्रॅमचें पृष्ठफळ १५९० चौरस मीटर, म्हणजे टेनिसच्या सहा मैदानांएवढें भरतें!

मात्र रेणू एकदां घट्ट जडले, तर चुकलेला रेणू चुकीच्या जागींच अडकतो आणि स्फटिकाऐवजीं नुसता गोळा हातीं येतो. म्हणून बोरॉन व प्राणवायु यांचा असा बंध योजिला, कीं जो जुळतांना पाणी बाहेर टाकतो आणि पाणी मिळतांच पुन्हां सुटतो. बंद नळींत ऊब देत ठेवल्यास रेणू सुटत-जुळत अखेर योग्य जागीं बसतात.

रचना साधली कीं नाहीं, याची साक्ष क्ष-किरण देतात. सुव्यवस्थित थरांवरून ते ठराविक कोनांतच परावृत्त होतात. ते कोन कल्पिलेल्या नमुन्याच्या गणिताशीं ताडून पाहतात. पुढें उणें १९६ अंश सेंटिग्रेडला पदार्थ किती नत्रवायु शोषतो, तें मोजून छिद्रांचें माप व पृष्ठफळ काढतात.

परंतु ज्या गुणानें स्फटिक घडतो, त्याच गुणानें तो पाण्यांत विघटित होतो. हा पेंच २०१२ सालीं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत राहुल बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सोडविला. त्यांनीं अमाइन व अल्डिहाइड यांची सांगड घातली. प्रथम बंध सुटता राहून रेणूंची मांडणी होते. मग हायड्रोजनचा एक अणु जागा बदलतो आणि बंध कायमचा पक्का होतो. असा स्फटिक उकळत्या पाण्यांत व तीव्र आम्लांतही टिकून राहिला. पाणी गाळणें असो वा वायु वेगळे करणें, सच्छिद्र पदार्थाला ओलाव्याशीं गांठ चुकत नाहीं. म्हणूनच या टिकाऊपणाचें मोल त्या नेमक्या छिद्रांइतकेंच मोठें आहे.