रेघ पुसट का होते? आलेखांच्या फाईलींचा तीन दशकांचा मागोवा

यवतमाळ जिल्ह्याचा आलेख म्हणजे सोळा तालुक्यांचा आलेख. उमरखेडपासून झरी जामणीपर्यंतचा पाऊस किंवा कापसाचा पेरा एकाच चौकटीत मांडला, की बारीक रेघा एकमेकींना छेदतात आणि कोणती रेघ कुठल्या तालुक्याची, हे रंगावरूनच ओळखावे लागते. गेल्या तीन दशकांत असे आलेख कागदावरून संगणकावर आणि तिथून मोबाईलवर आले. या वाटचालीत आकडे बरोबर असूनही अनेक आलेख वाचता येईनासे झाले, कारण फाईलचा प्रकार विचार करून निवडला गेला नाही.

1992 साली प्रमाणित झालेले जेपीईजी छायाचित्रांसाठी घडवलेले आहे. ते चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन पाडते आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारा बारीक तपशील गाळते. रंगांची नोंद तर बहुतेक वेळा उजेडापेक्षा ढोबळ ठेवते. शेताच्या फोटोत हे खपून जाते. आलेखात मात्र सगळा अर्थ रेघेच्या कडेत आणि अक्षरात असतो, नेमके तेच डागाळते. 1987 च्या जीआयएफमध्ये रेघ शाबूत राहत असे, पण रंग 256 पुरतेच. त्याच्या संक्षेपपद्धतीवरील पेटंटचा वाद 1994 च्या अखेरीस पेटला आणि त्यातून 1996 मध्ये काहीही न गाळणारे पीएनजी आले. 2001 च्या एसव्हीजीने पुढचे पाऊल टाकले: ठिपके न साठवता रेघेची भूमितीच साठवायची, म्हणजे कितीही मोठे केले तरी कड धारदार. पीडीएफमध्येही रेघा अशाच राहू शकतात.

पीएनजी जड असते, हा आक्षेप फोटोंबाबत खरा आहे. सपाट रंगांचा आलेख त्यात अनेकदा जेपीईजीपेक्षा लहानच होतो. लाखो ठिपक्यांच्या आलेखात एसव्हीजी फुगते, हे मान्य; तिथे भरपूर पिक्सेलांचे पीएनजी घ्यावे. व्हॉट्सअ‍ॅप सगळेच दाबून टाकते, असे म्हटले जाते. पण तीच फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोचते. जेपीईजी नंतर पीएनजी करून मात्र गेलेला तपशील परत येत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांची प्रकरणे मदतीसाठी ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी वेगळी नोंदली जातात. आलेखात या दोन्हींच्या रेघा एकमेकींत मिसळल्या, तर वाचणाऱ्याचा निष्कर्षच चुकतो. म्हणून छपाईसाठी पीडीएफ, संकेतस्थळासाठी एसव्हीजी, मोबाईलसाठी पीएनजी आणि सोबत मूळ तक्ता, एवढा नियम प्रत्येक सांख्यिकी कार्यालयाने पाळायलाच हवा.