जुना माल काढून टाकायचा की ठेवायचा? मर्सिडीज, पोर्शे आणि बीएमडब्ल्यूचा हिशोब

इलेक्ट्रिक कारच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून राहिलेला भाग इथे लिहितोय. तुम्ही म्हणाल, सर, आम्हाला दीड कोटीच्या गाडीशी काय देणं-घेणं? पण तुमच्यातले बरेच जण आत्ता याच प्रश्नावर अडलेत: चालू धंदा बंद करून सगळं भांडवल नव्या लाइनमध्ये टाकू का? हाच प्रश्न या कंपन्यांपुढे होता. त्यांच्याकडे पैसा होता, नाव होतं, अनुभव होता. तरी सगळ्यांचं सारखं जमलं नाही.

पोर्शेपासून सुरू करू. २०१९ मध्ये त्यांनी टायकान आणली. गाडी जबरदस्त. २०२१ मध्ये ४१,२९६ विकल्या, म्हणजे त्यांच्या प्रसिद्ध ९११ पेक्षाही जास्त. मग कंपनीने ठरवलं, २०३० पर्यंत ८० टक्क्यांहून जास्त गाड्या इलेक्ट्रिक विकायच्या. आणि २०२४ मध्ये टायकान किती गेल्या? २०,८३६. आदल्या वर्षाच्या जवळपास निम्म्या. त्या वर्षी मॉडेल बदललं, हेही एक कारण होतं. पण मोठा दणका चीनमध्ये बसला. तिथे शाओमीने, हो, तीच आपली मोबाइलवाली, मार्च २०२४ मध्ये एसयू७ काढली. टायकानसारखी दिसणारी, किंमत २,१५,९०० युआनपासून. पहिल्याच वर्षात सव्वा लाखाहून जास्त गाड्या दिल्या. चिनी गिऱ्हाईक म्हणालं, स्क्रीन आणि सॉफ्टवेअर इथेच भारी मिळतंय, तर जर्मन नावाचे जास्तीचे पैसे का मोजू? सप्टेंबर २०२५ मध्ये पोर्शेने जाहीर केलं की इलेक्ट्रिक म्हणून ठरवलेली नवी मोठी एसयूव्ही आधी पेट्रोल आणि हायब्रिडमध्येच येईल.

आता मर्सिडीज. ही केस मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. त्यांनी इलेक्ट्रिकसाठी ‘ईक्यू’ नावाचं वेगळं घराणंच उभं केलं. २०२१ ची ईक्यूएस म्हणजे एस-क्लासची इलेक्ट्रिक बहीण. हवेचा अडथळा कमी झाला की एका चार्जमध्ये गाडी जास्त पळते, म्हणून तिचा आकार गुळगुळीत, अंड्यासारखा केला. इंजिनिअरच्या हिशोबाने एकदम बरोबर! पण एस-क्लास घेणारा माणूस काय विकत घेतो? लांब बॉनेट, त्यावर उभा तारा आणि मागच्या सीटचा रुबाब. हॉटेलच्या दारात गाडी थांबली की चार माणसांनी वळून बघायला हवं ना! २०२४ मध्ये कंपनीने ईक्यूएसला नवी ग्रिल आणि बॉनेटवर उभा तारा दिला. गिऱ्हाइकाने न बोलता दिलेलं उत्तर कंपनीला असं ऐकावं लागलं. त्या वर्षी मर्सिडीजच्या इलेक्ट्रिक कार साधारण १ लाख ८५ हजार गेल्या, आदल्या वर्षापेक्षा २३ टक्के कमी. आता नवी इलेक्ट्रिक जीएलसी ‘जीएलसी’ याच जुन्या नावाने येतेय.

बीएमडब्ल्यूने हा खर्चिक धडा आधीच घेतला होता. २०१३ ची त्यांची आय३ पूर्ण वेगळी गाडी होती, कार्बन फायबरची बॉडी आणि सगळं नवंच. कौतुक खूप झालं, पण धंदा मर्यादित. पुढच्या खेपेला त्यांनी साधा विचार केला. ७ सिरीज ही एकच गाडी. पेट्रोल, डिझेल घ्या किंवा इलेक्ट्रिक आय७ घ्या. जर्मनीतल्या डिंगोल्फिंगच्या कारखान्यात या सगळ्या एकाच लाइनवर बनतात. कुठल्या देशात कशाची मागणी वाढली, तसा माल वळवायचा. २०२४ मध्ये ग्रुपच्या इलेक्ट्रिक गाड्या गेल्या ४,२६,५९४, म्हणजे १३.५ टक्के वाढ. (यात मिनीसारख्या स्वस्त गाड्याही आहेत, त्यामुळे मर्सिडीजशी थेट तुलना करू नका. वाढ आणि घट तेवढी बघा.)

माझं भांड्यांचं दुकान आहे, म्हणून मला हे लगेच पटलं. इंडक्शनची कढई गॅसवरही चालते. फक्त इंडक्शनवरच चालणारी शेगडी मात्र मी मोजूनच ठेवतो. बीएमडब्ल्यूने कढई विकली.

या पद्धतीत तोटा नाही असं नाही. आय४ मध्ये मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याच्या पायात उंचवटा येतो, कारण मूळ ढाचा पेट्रोल गाडीचा. वजनही वाढतं. पण गिऱ्हाइकाने ते चालवून घेतलं. आणि आता, चार वर्षं विकून मागणीचा नीट अंदाज आल्यावर, त्यांनी ‘नॉय क्लासे’ नावाचा खास इलेक्ट्रिक ढाचा काढला. त्यावरची आयएक्स३ हंगेरीत डेब्रेत्सेनच्या नव्या कारखान्यात बनते. क्रम बघा: आधी जुन्या यंत्रावर नवा माल, मग नवं यंत्र.

आपल्याकडेही हेच दिसतं. मर्सिडीजने २०२२ मध्ये आपल्या चाकणला जोडलेली ईक्यूएस १ कोटी ५५ लाखांना आणली. बीएमडब्ल्यूने जानेवारी २०२५ मध्ये चेन्नईत जोडलेली आयएक्स१ ४९ लाखांना आणली. तीही लांब केलेली, मागे ऐसपैस जागा असलेली, कारण आपल्याकडे मालक मागे बसतो. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्केच, त्यामुळे पेट्रोलच्या एक्स१ च्या आसपासच किंमत बसली. गिऱ्हाइकाला ‘इलेक्ट्रिक म्हणून जास्त मोजा’ असं सांगायची वेळच आली नाही.

राहिली जग्वार. २००८ मध्ये ती आपल्या टाटा मोटर्सने विकत घेतली. त्यांनी सगळ्यात टोकाचा डाव टाकला: जुन्या गाड्या थांबवल्या. ब्रिटनमध्ये तर २०२४ च्या शेवटी नव्या गाड्यांची विक्रीच बंद केली, आणि डिसेंबरमध्ये मायामीत ‘टाइप ००’ हा नुसता नमुना दाखवला. कमी गाड्या, पण खूप महाग, असा बेत आहे. म्हणजे शटर खाली ओढलंय आणि नवा माल अजून यायचाय. मधल्या काळात जुनं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं, तर त्याला परत आणायला किती खर्च येतो, हे दुकानदाराला वेगळं सांगायला नको. जग्वारची नवी गाडी रस्त्यावर आली की तिचे आकडे घेऊन पुन्हा बसू.