गाळ आणि खाणीचा चिखल

सेलूच्या शिवारात खाणी नाहीत. आहेत त्या काळ्या दगडाच्या खदानी. त्यामुळे खाणीच्या सांडपाण्याबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते बहुतेक ऐकीव असतं आणि त्यातलं बरंच चुकीचं.

‘खाणीतून आलेला गाळही शेताला खतच’ हा समज इथे चटकन पटतो. आपण उन्हाळ्यात तलावातला गाळ ट्रॅक्टरने आणून मुरमाड रानात पसरतो आणि कापूस सुधारतो. पण तो गाळ म्हणजे शेतांतूनच धुपून गेलेली वरची माती असते. गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे भागांतल्या भातशेतीत पावसाने उतरवला तो लोहखनिजाच्या टाकाऊ ढिगांवरचा लाल चिखल. त्यात सेंद्रिय कर्ब नावापुरता. कण इतके बारीक की वाळल्यावर वर कडक पापुद्रा धरतो, खाली हवा खेळत नाही. अशा जमिनीत भाताची मुळं कशी धरणार? म्हणून कुणी गाळ देऊ केला, तर तो कुठला हे आधी विचारावं.

‘खाण बंद, त्रास बंद’ हेही खरं नाही. गोव्यातलं खाणकाम २०१२ मध्ये थांबलं, तरी ढीग आणि पाण्याने भरलेले खड्डे जागेवरच राहिले. असं साठलेलं पाणी काय करू शकतं, हे जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्याने पाहिलं. खाणीचा बांध फुटला आणि चिखल गावात शिरला. कोळशाच्या किंवा तांब्याच्या खाणीत लोह-गंधकाचं खनिज उघडं पडलं, तर हवा-पाण्याने त्याचं गंधकाम्ल होतं आणि पंप थांबले तरी ती क्रिया चालूच राहते. आपल्या खदानींच्या दगडात एवढं गंधक सहसा नसतं, त्यामुळे ती भीती इथे नको.

सगळ्यांत घातक समज मात्र ‘पाणी नितळ, म्हणजे चांगलं’ हा. तुरटीने माती खाली बसते, उकळल्याने जंतू मरतात. विरघळलेलं सल्फेट आणि मँगनीज तसंच राहतं, उलट पाणी आटल्याने थोडं दाटच होतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे सल्फेट २०० आणि मँगनीज ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावं, असं भारतीय मानक सांगतं. नुसत्या जंतूंच्या तपासणीत यातलं काहीच कळत नाही. खाणपट्ट्यात राहणाऱ्या आपल्या सोयऱ्यांनी विहिरीचा नमुना देताना ही दोन नावं लिहूनच द्यावीत.