लॅपटॉपला इग्निशन कंट्रोलर सापडत नाही? निकाल देण्याआधी या क्रमाने तपासा



मागच्या काही व्हिडिओंत आपण गॅरेजच्या धंद्यात वेगळेपण कसं आणायचं ते पाहतोय. सर्व्हिसिंग आणि ऑइल बदलणं गल्लीतला प्रत्येकजण करतो. पण जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला प्रोग्रॅम होणारा इग्निशन कंट्रोलर बसवणं आणि लॅपटॉपवरून त्याचं टायमिंग सेट करणं, हे काम करणारे हात कमी आहेत. जुनी गाडी हौसेने सांभाळणारे मालक अशा माणसाला शोधत लांबून येतात.

पण या कामात नवीन माणूस अडकतो तो इंजिनवर नाही, केबलवर. लॅपटॉप म्हणतो, कंट्रोलर सापडत नाही. मग घाईत निकाल दिला जातो, "साहेब, तुमचा कंट्रोलरच खराब आहे." ग्राहक बाहेरून मागवलेली महागडी वस्तू परत पाठवतो आणि नंतर कळतं की ती ठणठणीत होती. तो ग्राहक पुन्हा तुमच्याकडे येत नाही, वर चार जणांना सांगतो. म्हणून आजचा मुद्दा एकच. कंट्रोलरवर बोट ठेवण्याआधी लॅपटॉपपासून सुरुवात करून एकेक कडी तपासत गाडीपर्यंत जायचं.

आधी हा प्रकार काय ते समजून घ्या

जुन्या गाडीत ठिणगी कधी पडायची ते डिस्ट्रिब्युटर ठरवतो. आत वजनं आणि स्प्रिंग असतात. इंजिनचा वेग वाढला की ती वजनं बाहेर सरकतात आणि ठिणगी थोडी आधी पडते. यालाच आपण ॲडव्हान्स म्हणतो. प्रोग्रॅम होणारा कंट्रोलर हेच काम तक्त्यावरून करतो. एका बाजूला इंजिनचा वेग, दुसऱ्या बाजूला इंजिनवरचा भार आणि प्रत्येक चौकटीत ॲडव्हान्सचा आकडा. या तक्त्याला मॅप म्हणतात.

ब्रिटन-अमेरिकेत जुन्या मिनी, एमजी, फोर्ड अशा गाड्यांच्या हौशी लोकांत मेगाजोल्ट आणि मेगास्क्वर्ट ही नावं घरोघरी माहीत आहेत. मेगाजोल्ट हा फोर्डच्या ईडीआयएस या इग्निशन मॉड्यूलबरोबर चालतो. क्रँकच्या पुलीवर ३६ दातांच्या जागा असलेलं चाक बसवतात आणि त्यातला एक दात मुद्दाम गाळलेला असतो. तो रिकामा दात सेन्सरसमोरून गेला की मॉड्यूलला कळतं, क्रँक नेमका कुठे आहे.

यातल्या अनेक कंट्रोलरना नऊ पिनांचं जुन्या पद्धतीचं सिरियल पोर्ट असतं. आजच्या लॅपटॉपला ते नसतं. म्हणून मध्ये यूएसबी ते सिरियल ॲडॅप्टर लागतो. बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात.

पहिली कडी : ॲडॅप्टरमधली चिप

बाहेरून सगळे ॲडॅप्टर सारखेच दिसतात. फरक आतल्या चिपमध्ये असतो. बाजारात प्रामुख्याने तीन नावं दिसतील : एफटीडीआय, प्रोलिफिक आणि सीएच ३४०. तिन्ही चालतात, पण दुकानदाराला "यात चिप कोणती आहे?" हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

कारण सांगतो. प्रोलिफिकच्या जुन्या पीएल २३०३ चिपना कंपनीने विंडोज ८ पासून पुढे आधार देणं बंद केलं. अशी चिप किंवा तिची नक्कल तुमच्या ॲडॅप्टरमध्ये असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड १० दिसतो. एफटीडीआयचंही उदाहरण आहे. २०१४ मध्ये त्यांच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपची ओळखसंख्या बदलून शून्य केली आणि लोकांचे चालू ॲडॅप्टर संगणकाला ओळखू येईनासे झाले. म्हणजे स्वस्तातला ॲडॅप्टर काल चालला म्हणून आज चालेलच असं नाही. धंद्यासाठी दोन वेगळ्या चिपचे दोन ॲडॅप्टर ठेवा. एक अडला की दुसरा लावून लगेच फरक कळतो.

दुसरी कडी : पोर्टचा नंबर

डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि पोर्ट्सची यादी पाहत ॲडॅप्टर काढा, परत लावा. जे नाव गायब होऊन परत आलं ते तुमचं. समजा, कॉम ७. ब्लूटूथसुद्धा स्वतःचे कॉम पोर्ट तयार करतं, त्यामुळे अंदाजाने निवडू नका.

काही जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत फक्त पहिले काही नंबरच असतात. तसं असेल तर पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन मोकळा असलेला लहान नंबर द्या. ॲडॅप्टर दरवेळी लॅपटॉपच्या त्याच खाचेत लावा, कारण खाच बदलली की काही ॲडॅप्टरचा नंबरही बदलतो. आणि एक लक्षात ठेवा, एका पोर्टवर एकावेळी एकच प्रोग्रॅम बसतो. मागे दुसरं सॉफ्टवेअर उघडं राहिलं असेल, तर नवीन सॉफ्टवेअरला दार बंदच मिळणार.

तिसरी कडी : गाडीशिवाय चाचणी

ही चाचणी सगळ्यात कामाची आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. ॲडॅप्टर कंट्रोलरपासून सोडवा. नऊ पिनांपैकी २ आणि ३ नंबरच्या पिना छोट्या वायरने एकमेकींना जोडा. पुट्टीसारखं टर्मिनल सॉफ्टवेअर उघडा, फ्लो कंट्रोल बंद करा, लोकल एको बंद करा आणि काहीही टाइप करा.

३ नंबरमधून गेलेलं अक्षर २ नंबरमधून परत येतं आणि स्क्रीनवर दिसतं. आता वायर काढा. अक्षरं थांबली पाहिजेत. दोन्ही गोष्टी झाल्या तर लॅपटॉप, ड्रायव्हर आणि ॲडॅप्टर ठीक आहेत. अक्षरं आलीच नाहीत तर गाडीला हात लावायची गरज नाही, दोष तुमच्या टेबलावरच आहे.

चौथी कडी : केबल आणि व्होल्टेज

नऊ पिनांची केबल दोन प्रकारची मिळते. सरळ केबलमध्ये २ ला २ आणि ३ ला ३ जोडलेलं असतं. नल मोडेम केबलमध्ये या दोन वायरी उलटसुलट असतात. बाहेरून काहीच फरक दिसत नाही. मेगास्क्वर्ट आणि मेगाजोल्टला सरळ केबल लागते. मल्टिमीटरने कंटिन्युटी तपासा आणि केबलवर चिठ्ठी चिकटवा. ५ नंबरची पिन म्हणजे ग्राउंड, तीही तपासायची.

आता जपून. काही कंट्रोलरच्या बोर्डावर नऊ पिनांचं पोर्ट नसून नुसत्या तीन-चार पिना असतात. तिथे बहुधा ० ते ५ किंवा ० ते ३.३ व्होल्टचा सिग्नल असतो. सिरियल पोर्टचा सिग्नल मात्र उणे आणि अधिक दोन्ही बाजूंना जातो आणि १० व्होल्टच्या आसपासही असू शकतो. तो थेट अशा पिनांवर दिला तर आतली चिप जळू शकते. म्हणून जोडण्याआधी मोजा. कंट्रोलर चालू करून त्याची पाठवणारी पिन आणि ग्राउंड यांच्यामधलं व्होल्टेज बघा. उणे ५ ते उणे १० च्या दरम्यान दिसलं तर नेहमीचा सिरियल ॲडॅप्टर चालेल. अधिक ५ किंवा अधिक ३.३ दिसलं तर त्या व्होल्टेजचा टीटीएल ॲडॅप्टर लागेल.

पाचवी कडी : वेग जुळवणं

दोघांनी एकाच वेगाने बोललं पाहिजे. मेगास्क्वर्टच्या पहिल्या पिढीचा वेग ९६००, दुसरीचा ११५२००, मेगाजोल्टचा ३८४००. कंट्रोलरचं मॉडेल आणि पिढी त्यावरच्या लेबलवरून आणि मॅन्युअलमधून पक्की करा, ग्राहकाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. स्क्रीनवर काहीच येत नसेल तर वायर किंवा पोर्ट तपासा. काहीतरी येतंय पण अर्थहीन असेल, तर आधी वेग बघा.

इंजिन चालू केलं की संपर्क तुटतो?

इंजिन बंद असताना सगळं छान, स्टार्टर मारला की संपर्क गेला. असं झालं तर दोन गोष्टी बघा. पहिली, बॅटरी. स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार पडलं तर कंट्रोलर रीसेट होतो. दुसरी, ठिणगीचा विद्युत गोंगाट. प्लग आणि प्लगच्या वायरी रेझिस्टन्सच्या असल्या पाहिजेत. एनजीकेच्या बीपीआर ६ ईएस या प्लगमधला आर त्याचाच आहे. बीपी ६ ईएसमध्ये तो नाही.

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. केबल हाय टेन्शन वायरींपासून लांब न्या. लांबी हवी असेल तर यूएसबीची बाजू आखूड ठेवा आणि सिरियलची बाजू वाढवा, कारण सिरियल केबल १५ मीटरपर्यंत चालते, यूएसबी ५ मीटरच्या पुढे नाही.

संपर्क झाला, आता लगेच आकडे बदलू नका

पहिलं काम बॅकअप. कंट्रोलरमधला आहे तो मॅप वाचून घ्या आणि गाडीचा नंबर आणि तारीख टाकून फाइल जतन करा. तुमचं काम आवडलं नाही तरी ग्राहकाला गाडी आली तशी परत देता आली पाहिजे. नंतर बदल केलेत तर ते कंट्रोलरच्या कायमच्या मेमरीत साठवायला विसरू नका, नाहीतर चावी बंद केली की सगळं पुसलं जाईल.

दुसरं काम टायमिंग लाइट. स्क्रीनवर दिसतो तो कंट्रोलरने मागितलेला ॲडव्हान्स. प्रत्यक्षात ठिणगी कधी पडते ते क्रँकच्या खुणेवर लाइट मारूनच कळतं. ईडीआयएसमध्ये तर जास्त सावध राहा. कंट्रोलरचा सिग्नल मॉड्यूलपर्यंत पोहोचला नाही तरी इंजिन चालू राहतं, फक्त ॲडव्हान्स १० अंशांवर स्थिर होतो. म्हणून १० सोडून दुसरा आकडा देऊन बघा आणि खूण सरकते का ते तपासा.

हे का महत्त्वाचं? भार असताना ठिणगी फार आधी पडली तर इंजिन नॉक करतं आणि पिस्टन फुटू शकतो. फार उशिरा पडली तर ताकद जाते आणि एक्झॉस्ट तापतो. सायलेन्सरच्या आवाजावरून हे ओळखायचा अंदाज धंद्यात चालत नाही.

धंद्याचा हिशोब

"संपर्क, तपासणी आणि बॅकअप" हे तुमच्या दरपत्रकात वेगळं काम म्हणून लिहा. ट्यूनिंगच्या दरात ते गाडून टाकलंत तर अडलेल्या केबलवर गेलेला अर्धा दिवस फुकट जातो. जॉब कार्डवर ॲडॅप्टर कोणता, वेग किती, फाइलचं नाव काय, टायमिंग लाइटवर किती अंश दिसले, हे लिहून ग्राहकाची सही घ्या.

आणि नाही म्हणायलाही शिका. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधनं घालतं. काम घेण्याआधी आरटीओ आणि विमा यांचा विषय ग्राहकाशी स्पष्ट बोला. कारखान्यातूनच कॉम्प्युटर घेऊन आलेल्या नव्या गाड्यांसाठी ही पद्धत नाही, त्यांना हे प्रयोग करू नका.

थोडक्यात क्रम असा : चिप, पोर्ट नंबर, २-३ ची चाचणी, केबल, व्होल्टेज, वेग. एवढं सगळं बरोबर निघालं आणि तरीही कंट्रोलर बोलला नाही, तरच म्हणा की दोष त्याच्यात आहे. तेव्हा तुमच्या शब्दामागे पुरावा असेल.

हा क्रम कागदावर लिहून बेंचच्या वर चिकटवा आणि आजच २-३ पिनांची चाचणी करून बघा. गाडी नसली तरी चालेल. भेटू पुढच्या व्हिडिओत!