चाकाच्या खुर्चीवरील बाहुपुनर्वसन

मेंदूघातानंतर अर्धांगवायू झालेल्या रुग्णाच्या दुर्बल बाहूला, तो ज्या चाकाच्या खुर्चीत बसतो तिचाच आधार व साधन म्हणून उपयोग करून, पुन्हा हालचालीस प्रवृत्त करण्याच्या उपचारास चाकाच्या खुर्चीवरील बाहुपुनर्वसन म्हणता येईल. ही एखादी स्वतंत्र उपचारशाखा नसून भौतिकी चिकित्सा व व्यवसायोपचार या दोन शाखांच्या सीमेवरील विषय आहे. व्हीलचेअर या नावाने सर्वपरिचित असलेली ही खुर्ची सामान्यतः केवळ वाहतुकीचे साधन मानली जाते. तथापि तीव्र अर्धांगवायूच्या रुग्णाचा जागेपणीचा बराच काळ तिच्यातच जातो व त्या काळात त्याचा बाधित हात बहुधा निष्क्रिय पडून असतो. या वेळेचा उपयोग कसा करावा, हा येथील मुख्य प्रश्न होय.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अकस्मात खंडित झाल्यास किंवा तेथे रक्तस्राव झाल्यास मेंदूघात होतो [⟶ पक्षाघात]. प्रमस्तिष्काच्या बाह्यकापासून मेरुरज्जूकडे जाणारे प्रेरक तंतू बहुतांशी लंबमज्जेत एकमेकांना ओलांडत असल्याने उजव्या गोलार्धातील आघाताने डावे व डाव्या गोलार्धातील आघाताने उजवे अंग दुर्बल होते. उभे राहण्याची व चालण्याची क्षमता अनेकांना काही प्रमाणात परत मिळते. हाताची, विशेषतः बोटांची, सूक्ष्म हालचाल मात्र मागे राहते. टी. ई. ट्विचेल यांनी १९५१ साली ही सुधारणा कोणत्या क्रमाने होते याचे वर्णन केले : प्रथम हात लुळा असतो, पुढे स्नायूंत ताठरपणा येतो, मग खांदा उचलताच कोपर आपोआप दुमडणे यांसारख्या सहगामी हालचाली दिसतात आणि त्यानंतरच एकेका सांध्याची स्वतंत्र हालचाल शक्य होते. स्वीडनमधील फूगल-मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये या क्रमावर आधारलेली गुणपद्धती सुचविली. तीत बाहूसाठी ६६ गुण असून ती आजही जगभर वापरली जाते.

मृत झालेला मेंदूचा भाग पुन्हा निर्माण होत नाही. परंतु त्याच्या शेजारचा भाग काही कार्य आपल्याकडे घेऊ शकतो. आर. जे. नूडो व सहकाऱ्यांनी माकडांवर केलेल्या व १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, मेंदूघातानंतर हाताचा सराव सातत्याने करविल्यास बाह्यकातील हाताचे क्षेत्र टिकून राहते, काही वेळा विस्तारतेही. सराव नसल्यास ते आक्रसते. मात्र असा परिणाम घडण्यास रोज शेकडो पुनरावर्तने लागतात. प्रत्यक्ष चिकित्सेत काय घडते? अमेरिका व कॅनडा येथील चिकित्सा केंद्रांतील ३१२ बैठकांचे निरीक्षण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या बैठकांत हाताच्या कार्यात्मक हालचालींचा सराव झाला, त्यांतही सरासरी केवळ ३२ हालचाली घडल्या होत्या. संपन्न देशांतील सुसज्ज केंद्रांची ही स्थिती असेल, तर आठवड्यातून एकदा तालुक्याच्या गावी नेल्या जाणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला किती हालचाली येत असतील, याची कल्पना करता येते.

सरावाच्या बहुतेक प्रभावी पद्धती मुळात थोडीफार हालचाल शिल्लक असलेल्यांसाठी आहेत. निरोगी हात जाड हातमोज्यात अडकवून दुर्बल हातास काम करावयास लावण्याची पद्धत २२२ रुग्णांवरील अमेरिकन चाचणीत (२००६) उपयुक्त ठरली. परंतु तीत प्रवेश मिळण्यासाठी मनगट व बोटे काही अंश तरी स्वतः वर उचलता येणे आवश्यक होते. ज्याचा हात मांडीवरून हलतच नाही, तो अशा चाचणीबाहेर राहतो, आणि खुर्चीत सर्वाधिक काळ बसणारा रुग्ण बहुधा तोच असतो. यंत्रमानवी बाहूंनी ही उणीव भरून निघेल अशी अपेक्षा होती. ब्रिटनमधील ७७० रुग्णांच्या चाचणीत (२०१९) मात्र नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताच्या कार्यक्षमतेत अशा यंत्रांनी लक्षणीय भर पडल्याचे आढळले नाही. त्यांची किंमतही सामान्य रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरची असते.

खुर्चीतील उपचाराचा आरंभ व्यायामाने नव्हे, तर बैठकीने होतो. लुळ्या हाताच्या वजनाने खांद्याच्या सांध्यातील अस्थिशीर्ष खोबणीतून खाली सरकते. हात खुर्चीबाहेर लोंबत राहिल्यास हे सरकणे वाढते. शिवाय डाव्या बाजूचे भान हरपलेल्या रुग्णाची बोटे नकळत चाकाच्या आऱ्यांत अडकतात. यासाठी हातटेकूवर पन्हळीच्या आकाराचा आधार बसवितात किंवा दोन्ही हातटेकूंवर आडवी फळी ठेवून तीवर हात, तळवा खाली व बोटे मोकळी राहतील असा, पसरून ठेवतात. नितंब मागे टेकलेले, पाठ सरळ व पावले सपाट टेकलेली असावीत. रुग्णाला उठविताना दुर्बल हाताला धरून ओढणे कटाक्षाने टाळावे. घराच्या चौकटीला कप्पी टांगून दोरीने हात डोक्यावर ओढण्याचा व्यायाम आपल्याकडे अजूनही सर्रास सांगितला जातो. खांद्याच्या वेदनेशी त्याचा संबंध १९९० मध्येच दाखविला गेला असल्याने अर्धांगवायूच्या रुग्णासाठी तो, प्रस्तुत लेखकाच्या मते, पूर्णतः सोडून द्यावा.

फळी हेच पहिले व्यायामसाधन होय. तळव्याखाली मऊ फडके ठेवून हात पुढे सरकविणे व मागे घेणे, प्रथम निरोगी हाताच्या साहाय्याने व नंतर एकट्याने, ही हालचाल गुरुत्वाकर्षणाविरुद्ध नसल्याने अतिदुर्बल स्नायूंनाही जमते. बोटांत थोडी पकड आल्यावर तांब्या पुढे सरकविणे, भाकरीचा तुकडा मोडणे, ताटलीतील तांदूळ निवडणे अशी कामे त्याच फळीवर देता येतात. उजवा हात गेलेल्या रुग्णाला चारचौघांत डाव्या हाताने जेवण्याचा संकोच वाटतो व पुष्कळदा तो पंगतीतच बसत नाही. घास तोंडापर्यंत नेणे हे म्हणूनच त्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे उद्दिष्ट असते.

याहून पुढची कल्पना म्हणजे चाकालाच तरफ जोडणे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील डेव्हिड राइनकेन्समेयर, डॅनियल झोंडरव्हान व सहकारी यांनी २०१३ मध्ये अशा साधनाचे वर्णन प्रसिद्ध केले. साध्या खुर्चीच्या चाकाला उभी तरफ जोडलेली असते, रुग्णाचा अग्रबाहू तीवरील आधारात बांधलेला असतो व लवचिक पट्टे तरफेला मध्यावर खेचतात. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेला हलका रेटा जसा झोका वाढवितो, तसे योग्य तालावर दिलेल्या अल्प बलाने तरफेचे आंदोलन वाढत जाते. या अनुस्पंदनामुळे, विद्युत् चलित्र नसूनही, जवळजवळ निश्चेष्ट हातालाही मोठ्या पल्ल्याची हालचाल करता येते आणि तीत रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न अंतर्भूत असतो. जुना तीव्र अर्धांगवायू असलेल्या आठ रुग्णांना तीन आठवडे असा व्यायाम दिल्यावर त्यांचे फूगल-मेयर गुण वाढले. आठ ही संख्या अर्थातच निर्णायक नव्हे. परंतु साधनाची रचना इतकी साधी आहे की, आपल्याकडील सामान्य कारखान्यातही तशी तरफ घडविता यावी.

निरोगी हात व पाय यांनी खुर्ची स्वतः चालवावी की नाही, याविषयी दीर्घकाळ मतभेद होता. एका पक्षाच्या मते त्यामुळे बाधित अंगाचा ताठरपणा वाढतो. हा धोका समजला जात होता तितका सिद्ध झालेला नाही. उलट स्वतः हिंडता येण्याचे मानसिक मूल्य उघड आहे. त्यासाठी बैठक इतकी खाली हवी की, निरोगी पाऊल जमिनीवर पूर्ण टेकेल.

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा जुनी आहे. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भारतातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. मुंबईतच हाजी अली येथे १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था कार्यरत आहे. या दोन्ही शाखांच्या पदव्यांचे नियंत्रण नाशिक येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. परंतु विद्यापीठाचे नगर आणि रुग्णाचे घर यांत अंतर असते. नाशिकपासून सु. ३५ किमी.वरील, इगतपुरी तालुक्यातील घोटी हे गाव मुंबई–आग्रा महामार्गावर व लोहमार्गावर असून भाताच्या व्यापारासाठी व गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. जवळच धामणगाव येथे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय असल्याने तीव्र अवस्थेतील उपचारांची सोय या भागात झाली आहे. रुग्ण घरी परतल्यावर मात्र अडचणी वेगळ्याच असतात. आसपासच्या वाड्यापाड्यांवरील घरांना उंच उंबरठा व ओटा असतो, अंगण पावसाळ्यात चिखलाचे होते आणि आवणीच्या दिवसांत घरातील सर्व धडधाकट माणसे खाचरात असतात. खुर्ची तेथे वाहन म्हणून फारशी उपयोगी पडत नाही. दारातल्या उजेडात स्थिर ठेवलेले व्यायामाचे आसन म्हणून मात्र ती उपयोगी पडते. फळी गावचा सुतार करून देऊ शकतो. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास केंद्र शासनाच्या साहाय्यक उपकरण योजनेतून, उत्पन्नाच्या अटींस अधीन राहून, खुर्ची मिळू शकते. ती घेताना बैठकीची उंची व हातटेकू पाहून घ्यावे.

हे काम केवळ नातेवाइकांवर सोपवून भागेल का? भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांच्या चाचणीत (२०१७) एका गटातील कुटुंबीयांना पुनर्वसनाचे शिक्षण देण्यात आले. सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत सु. ४७ टक्के, म्हणजे सारखेच, आढळले. यावरून कुटुंबाचे साहाय्य निरुपयोगी ठरत नाही. पण शिकवण दिली म्हणजे पुरेसा सराव घडलाच, असे मानता येत नाही. म्हणून रुग्णाला दुसऱ्याची वाट न पाहता करता येईल असा व्यायाम, त्याची मोजणी आणि ठरावीक दिवसांनी तज्ञाची घरभेट या तीन गोष्टी एकत्र आणाव्या लागतात. मोजणीसाठी फळीच्या कडेला मण्यांची तार बसविणे पुरेसे असते : प्रत्येक दहा हालचालींनंतर निरोगी हाताने एक मणी सरकवावयाचा. खांदा दुखू लागल्यास, हात सुजल्यास किंवा थकव्याने धड एका बाजूस कलल्यास व्यायाम त्या दिवसापुरता थांबवितात व बैठक पुन्हा तपासतात.