जेवणाची किंमत : इटली आणि स्पेनमधील घरगुती खाणावळी



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला, की तो बोनस, महागाईभत्ता आणि संप यांवरच बोलणार असे श्रोते धरून चालतात. आज मी जेवणावर बोलणार आहे. आणि तेही इटली व स्पेन या देशांतल्या, घरच्या माणसांनी चालविलेल्या लहान खाणावळींवर. विषय चैनीचा वाटेल. परंतु कामावर गेलेल्या माणसाने दुपारी कोठे बसून, काय आणि किती पैशांत जेवावे, हा मजुरीच्याच प्रश्नाचा एक भाग आहे. या दोन देशांनी तो प्रश्न आपापल्या परीने बराचसा सोडविला, आणि काही बाबतींत अर्धवट ठेवला. दोन्ही गोष्टी आपल्याला शिकण्यासारख्या आहेत.

प्रथम नावे समजून घेऊ. इटलीत 'रिस्तोरान्ते' म्हणजे मोठे, पांढऱ्या चादरीचे उपाहारगृह. 'त्रात्तोरिया' म्हणजे कुटुंबाने चालविलेली साधी खाणावळ. 'ऑस्तेरिया' हा त्याहून जुना प्रकार. तेथे मुख्यतः द्राक्षाची दारू मिळे, खाण्याचे ज्याने त्याने आणावे. बोलोन्या शहरात 'ऑस्तेरिया देल सोले' नावाचे असे एक ठिकाण १४६५ पासून आहे. तेथे आजही फक्त पेय विकत मिळते. गिऱ्हाईक बाजारातून पाव, चीज घेऊन येतो आणि बाकावर बसून खातो. डबा आपला, बसायला जागा त्यांची, असा हा व्यवहार आहे. स्पेनमध्ये 'ताबेर्ना' आणि 'मेसोन' ही नावे आढळतात, आणि एक नाव तर थेट आपलेच वाटेल : 'कासा दे कोमिदास', म्हणजे जेवणाचे घर. आपल्या 'खाणावळ' शब्दाला याहून जवळचा शब्द शोधून सापडणार नाही. मात्र पाटीवरच्या नावावर आज विसंबू नये. साधेपणालाच बाजारात भाव आल्यामुळे अतिशय महागडी हॉटेलेही स्वतःला 'ऑस्तेरिया' म्हणवून घेतात.

आता ताटाकडे वळू. ज्या पदार्थांसाठी आज जगभरचे प्रवासी रांगा लावतात, त्यांतले कित्येक पदार्थ गरिबांच्या गरजेतून जन्मले आहेत. रोम शहरात तेस्ताच्चो नावाचा कामगारांचा भाग आहे. तेथे १८९० च्या सुमारास मोठा कत्तलखाना उभा राहिला आणि तो १९७५ मध्ये बंद झाला. जनावराचे चार चांगले भाग श्रीमंतांकडे जात. उरे ते शेपूट, आतडी, काळीज आणि जीभ. त्याला रोमचे लोक 'पाचवा चौथा हिस्सा' म्हणतात. हिशेबात न बसणारा हिस्सा, असा त्या नावातला टोमणा आहे. कत्तलखान्यातल्या कामगारांना मजुरीचा काही भाग या मालाच्या रूपाने मिळे. तो घेऊन ते आसपासच्या खाणावळींत जात आणि तेथल्या बायका तो मंद आचेवर तासन् तास शिजवीत. शेपटीचा 'कोदा अल्ला वाच्चिनारा' हा रस्सा यातूनच प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातला 'वाच्चिनारो' म्हणजे गुरे सोलणारा कामगार. कत्तलखान्यासमोरची 'केक्कीनो' ही खाणावळ १८८७ हे साल आपल्या नावातच मिरवते. मजुरीऐवजी गळ्यात मारलेला माल आज दिमाखाने ताटात येतो, यात अन्याय आणि कौशल्य दोन्ही आहेत. कौशल्याचे कौतुक करताना अन्याय विसरू नये.

नेपल्सचा पिझ्झा असाच. तो मुळात रस्त्यावर उभ्याने खाण्याचा, बंदरातल्या हमालांचा आणि कोळ्यांचा पदार्थ. तेथे 'आज खा, आठ दिवसांनी पैसे द्या' अशी पद्धत होती. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९५४ च्या 'नेपल्सचे सोने' या चित्रपटात सोफिया लॉरेन हिने अशीच उधारीवर पिझ्झा विकणारी बाई रंगविली आहे. गिरणगावात पगारापर्यंत खाते चालविणाऱ्या खाणावळवालीला ही पद्धत समजावून सांगावी लागली नसती. याच नेपल्समधील पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

या पिझ्झ्यावरचा टोमॅटो कोठून आला? अमेरिकेतून, स्पेनमार्गे. नेपल्सवर सोळाव्या शतकाच्या आरंभापासून १७०७ पर्यंत स्पेनची सत्ता होती. १६९० च्या दशकात तेथे छापलेल्या अंतोनिओ लातीनी यांच्या पाकपुस्तकात टोमॅटोच्या चटणीला 'स्पॅनिश पद्धतीची' असेच म्हटले आहे. मिरची आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली, तीही त्याच अमेरिकेतली. तेव्हा आपली मिरची आणि त्यांचा टोमॅटो ही एकाच माहेरची भावंडे आहेत. 'परकीय अन्न' हा शब्द जरा जपून वापरावा.

आता स्पेनच्या एका सोयीकडे जरा सविस्तर पाहू. तिला 'मेनू देल दिया' म्हणजे 'आजचे जेवण' म्हणतात. दारात फळ्यावर खडूने लिहिलेले असते : पहिल्या वाढपासाठी तीन-चार पदार्थ, दुसऱ्यासाठी तीन-चार, शेवटी फळ, गोड किंवा कॉफी. यांतला एकेक निवडावा. पाव आणि एक पेय बहुधा त्याच किमतीत. आज साध्या वस्तीत यासाठी साधारण १२ ते १५ युरो पडतात, मोठ्या शहरांच्या मध्यभागी त्याहून जास्त.

ही पद्धत सरकारी हुकमातून वाढली. १९६४-६५ च्या सुमारास फ्रँकोच्या राजवटीत मानुएल फ्रागा हे माहिती व पर्यटन मंत्री होते. परदेशी प्रवाशांना ठरीव दरात पुरते जेवण मिळावे म्हणून त्यांनी उपाहारगृहांना 'प्रवासी जेवण' ठेवणे भाग पाडले. पुढे प्रवाशांपेक्षा गवंडी, कारकून आणि दुकानातले नोकर यांनीच ही पद्धत उचलून धरली. यातला विरोधाभास लक्षात घ्या. ज्या सरकारने जेवणाचा दर बांधून दिला, त्याच्याच राज्यात स्वतंत्र कामगार संघटनांना बंदी होती. त्या कायदेशीर झाल्या १९७७ मध्ये, फ्रँकोच्या मृत्यूनंतर. जेवणाची थाळी वरून मिळाली. ती मागण्याचा हक्क मात्र कामगारांना लढून मिळवावा लागला.

इतक्या कमी पैशांत हे परवडते कसे? हिशेब साधा आहे. पदार्थ थोडे, म्हणून नासाडी कमी. सकाळी बाजारात जे स्वस्त आणि ताजे दिसेल तेच शिजते. मसूर किंवा काबुली चण्यांचा रस्सा एका मोठ्या भांड्यात होतो. दहा माणसांना आणि पन्नास माणसांना श्रम जवळजवळ तेवढेच. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दीड ते चारच्या दरम्यान चालते, म्हणून एकेका टेबलावर दोन पंगती उठतात. गिऱ्हाईक रोजचे, त्यामुळे उद्या किती माणसे येणार याचा अंदाज चुकत नाही. शिवाय पुष्कळ मालक आपल्या नोकरांना जेवणाची कुपने देतात. त्यांवरील करमाफीची मर्यादा २०१८ मध्ये दिवसाला ९ युरोंवरून ११ युरोंवर नेली गेली. इटलीतही अशी कुपने सर्वत्र चालतात. आपल्याकडे संघटनांनी कारखान्यांत उपाहारगृहे मागितली. तेथील मार्गात कामगाराबरोबर शेजारची खाणावळही जगते.

इटलीत जेवायला बसणाऱ्याने थोडे व्यवहारज्ञान बाळगावे. यादीत चार-पाच पायऱ्या असतात : आरंभीचे तोंडीलावणे, मग 'प्रीमो', म्हणजे पास्ता, भात किंवा सूप, मग 'सेकोंदो', म्हणजे मांस किंवा मासळी, त्याबरोबर वेगळी मागवायची भाजी, आणि शेवटी गोड. सगळे मागविण्याची सक्ती नाही. एक पास्ता आणि एक भाजी घेऊन उठले तरी कोणी नावे ठेवीत नाही. बिलात 'कोपेर्तो' नावाची माणशी युरो-दोन युरोंची रक्कम दिसेल. ती टेबलाची आणि पावाची आकारणी असते, वेटरची बक्षिसी नव्हे. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे त्याने २००६ च्या कायद्याने ही आकारणी बंद केली. इतरत्र ती चालू आहे, मात्र यादीवर आधी छापलेली असावी लागते.

बक्षिसीचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबू. अमेरिकेत बक्षिसीवर जगणाऱ्या नोकराचे केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलर एवढेच आहे. बाकीचे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. इटलीत उपाहारगृहांतील वेतन राष्ट्रीय सामूहिक कराराने ठरते, स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी प्रांतवार कराराने. म्हणून तेथे चार नाणी ठेवली तरी चालते आणि न ठेवली तरी अपमान होत नाही. १९३६ च्या डिसेंबरात जॉर्ज ऑर्वेल बार्सिलोनात पोहोचले, तेव्हा तेथली कॅफे कामगारांच्या सामूहिक मालकीची झाली होती. लिफ्ट चालविणाऱ्या पोराला बक्षिसी देऊ केल्याबद्दल त्यांना हॉटेलच्या व्यवस्थापकाकडून ऐकून घ्यावे लागले. ती व्यवस्था टिकली नाही. पण वेतन हे हक्काचे असावे, दयेचे नसावे, ही तिच्यामागची भूमिका आजही खरी आहे.

आता स्वयंपाकघराचे दार उघडू, कारण खरा प्रश्न आत आहे. घरगुती खाणावळीची स्तुती करणारे लेखक 'आजीच्या हातची चव' असे लिहितात. मी हॉटेल कामगारांत पुष्कळ वर्षे काम केले आहे, म्हणून मला आजीचे तास मोजावेसे वाटतात. पहाटे बाजार, दुपारी पंगत, रात्री भांडी. आणि घरचे माणूस म्हणून पगार नाही, रजा नाही, पुष्कळदा निवृत्तिवेतनाची नोंदही नाही. थाळी स्वस्त असते त्यात मोठ्या भांड्याचा हिशेब असतो, तसा या न मोजलेल्या श्रमांचाही असतो. जे घरच्यांचे, तेच नोकरांचे. बार्सिलोनाच्या वीज कंपनीतील १९१९ च्या गाजलेल्या संपानंतर स्पेनमध्ये आठ तासांच्या दिवसाचा कायदा झाला. आणि बरोबर शंभर वर्षांनी, २०१९ मध्ये, प्रत्येक नोकराचे रोजचे कामाचे तास लिहून ठेवण्याची सक्ती मालकांवर करावी लागली. कायदा कागदावरून मोरीपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे यावरून दिसेल.

घरची पुढची पिढी या कामाला तयार होत नाही, तेव्हा जागा कोण भरतो? बाहेरून आलेला माणूस. मिलानमधील पुष्कळ पिझ्झा इजिप्तहून आलेल्या लोकांच्या हातचे असतात. २००८ च्या मंदीनंतर स्पेनच्या शहरांत मालकाने सोडलेले गल्लीतले कित्येक बार चिनी कुटुंबांनी घेतले. बटाट्याचे आम्लेट तेच, फळा तोच, शिजविणारे हात नवे. ज्याला त्या वस्तीची भूक कळते, ती खाणावळ त्या वस्तीचीच म्हटली पाहिजे.

या खाणावळींना मोठा धोका जागेच्या भाड्याचा आहे. स्पेनमध्ये जुन्या दुकानांची गोठविलेली भाडी १९९४ च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने मोकळी केली गेली आणि पुष्कळांची मुदत २०१४ च्या अखेरीस संपली. वर्षानुवर्षे चाललेल्या अनेक जागांना बाजारभाव परवडला नाही. मुंबईतील पागडीचे भाडेकरू आणि इराण्यांची हॉटेले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अधिक सांगणे नको. दुसरा धोका एकसाची साखळी-दुकानांचा. १९८६ मध्ये रोमच्या प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड उघडले, तेव्हा निषेध झाला. कार्लो पेत्रीनी आणि त्यांचे सहकारी यांची 'स्लो फूड' चळवळ त्याच काळात उभी राहिली. ही मंडळी डाव्या विचारांच्या 'आर्ची' या सांस्कृतिक संघटनेच्या परिवारातली. चांगले जेवण ही श्रीमंतांची मिरास नाही, हे त्यांनी डाव्या चळवळीलाही ऐकविले. १९९० पासून ते लहान खाणावळींची मार्गदर्शिका काढू लागले.

मग न्याय्य वेतन आणि परवडणारे जेवण यांची सांगड पडेल काय? एक वाट सहकाराची आहे. बोलोन्यात १९४५ मध्ये, युद्ध संपताच, 'काम्स्त' ही जेवण पुरविणाऱ्या कामगारांची सहकारी संस्था निघाली आणि ती पुढे फार मोठी झाली. आपल्याकडे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून दिले. दोन्ही ठिकाणी एकट्या बाईचे किंवा एकट्या वेटरचे श्रम हिशेबात धरले गेले, तेव्हाच खाणावळ पायावर उभी राहिली.

तेव्हा कोणी रोमला वा माद्रिदला जाईल, किंवा आपल्याच गावातल्या खाणावळीत बसेल, त्याने तीन गोष्टी पाहाव्यात. फळा रोज पुसला जातो काय? शेजारच्या टेबलावर त्याच वस्तीतला कामकरी माणूस बसला आहे काय? आणि वाढणाऱ्याला आठवड्याची सुट्टी मिळते काय? पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात. तिसरी विचारावी लागते. बिल चुकते करताना ती विचारावी. कारण जेवणाच्या किमतीतला तो भाग बिलावर छापलेला नसतो.